काझ होलुबेक मागे राहिला त्याची गोष्ट

काझ होलुबेक बापाला मूठमाती द्यायला हॅलर्स बेंडला आला, तो चारच दिवसांसाठी. सोबत बायको नव्हती, मुलगी नव्हती. एक बॅग आणि अंगावर काळा सूट, तोही खांद्यांवर उसवायला आलेला. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका मोठ्या संघात तो कितीतरी वर्षं पगारी फुटबॉल खेळला होता. आमचा फुटबॉल हातात धरून पळायचा, अंगावर अंग आदळायचा. त्यात काझ पुढच्या फळीतला मधला गडी, सेंटर. चेंडू जमिनीवरून उचलून दोन पायांमधून मागे द्यायचा आणि समोरून येणारा डोंगर छातीवर घ्यायचा, एवढंच त्याचं काम. टीव्हीवर त्याचा सामना लागला की निम्मं गाव माझ्या खाणावळीत गोळा व्हायचं. चेंडू कुठेही जावो, आम्ही आपले मधल्या ढिगाऱ्यात काझचे पाय शोधायचो.

मी वर्ना हुडाक. पुलाच्या अलीकडे, शाळेसमोर माझी खाणावळ आहे. काझ शाळेत माझ्या एक वर्ग मागे होता, त्यामुळे मोठा खेळाडू वगैरे मी त्याला कधी मानलं नाही. माझ्यासाठी तो चर्चच्या जिन्यावर बसून दोन माणसांच्या पिएरोगी, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, एकटा खाणारा पोरगाच राहिला.

तो आला त्याच वर्षी पोलादाच्या कारखान्यातली शेवटची भट्टी विझली. नदीच्या वळणावरचं आमचं सगळं गाव त्या भट्टीवर जगत होतं. पुरुष माणसं एकेक करून टेक्सासची वाट धरत होती. माझा नवरा अँडी आदल्याच वर्षी, ईस्टर झाल्यावर गेला. "आधी घर बघतो वर्ना, मग तुम्हा दोघांना बोलावतो," म्हणाला. आधी दर रविवारी फोन यायचा. मग सणाला. मग तोही नाही. आमचा रुडी तेव्हा पंधरा वर्षांचा. अंगाने थोराड, ढेरी सुटलेला, आणि बाप गेल्यापासून तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा गप्प.

काझच्या बापाच्या मूठमातीनंतरचं जेवण चर्चच्या तळघरात होतं. हालुश्की मी केली होती. कोबी परतून नूडल्समध्ये घालतात ती, त्याची आई करायची तशीच. काझ ताटली घेऊन बसतो न बसतो तोच शाळेचे मुख्याध्यापक, मिस्टर स्कॅन्लन, त्याच्या शेजारी येऊन टेकले. आमच्या जुन्या कोचने त्याच उन्हाळ्यात हृदयाच्या दुखण्याने अंथरूण धरलं होतं.

"एकच सीझन, काझ. पोरांना कोणी नाहीये."

"सर, माझे गुडघे बघितलेत? जिना उतरताना मला सगळे संत आठवतात."

"गुडघ्यांनी कुठे शिकवायचंय? तोंड चालतंय ना?"

"तोंडाने मी आयुष्यात काही केलेलं नाही."

"मग आता कर. बाप तुझा चाळीस वर्षं त्या मैदानाच्या कुंपणाला टेकून उभा राहिला. एक सीझन नाही देता येत तुला?"

काझने काटा खाली ठेवला. म्हातारा स्कॅन्लन मोठा बेरकी. पुढारी नाही, पाद्री नाही, शाळामास्तरच झाला, हे आमचं नशीब.

बापाच्या घरातला फोन कापलेला होता. म्हणून काझने बायकोला फोन माझ्या खाणावळीतून केला, भिंतीवरच्या. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. मी कान बंद करून तर उभी राहू शकत नव्हते.

"ॲनेट, एकच सीझन," तो म्हणाला. "नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण येतो, तोपर्यंत. मग आलोच."

पहिल्या दिवशी सरावाला किती पोरं आली? एकेकाळी साठ-सत्तर यायची, त्या दिवशी वीससुद्धा नव्हती. काझने त्यांना गवतावर बसवलं आणि एकेकाला विचारलं, नाव काय, वडील काय करतात.

"ह्यूस्टनला आहेत."

"डॅलसला."

"माहीत नाही, कोच."

रुडीची पाळी आली. "ह्यूस्टन," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "बहुतेक."

हे मला रुडीने नाही, दुसऱ्या पोराने सांगितलं. काझने म्हणे त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग रुडीकडे बोट करून म्हणाला, "ऊठ. तू सेंटर. तू माझा."

त्या दिवसापासून माझ्या घरात आवाज सुरू झाला. रुडी जेवताना मीठदाणी, मिरीदाणी, सॉसची बाटली ओळीने मांडायचा आणि मला फळी समजावून सांगायचा. "हा मी, आई. हा येतो, मी याला असा अडवतो. डोकं वर, ढुंगण खाली. कोच म्हणतात, डोकं खाली घातलंस की गेलास." काझ स्वतः त्या मोडक्या गुडघ्यांवर गवतात बसायचा, पोराचा हात हातात घेऊन चेंडूच्या शिवणीवर एकेक बोट ठेवायचा. त्याची स्वतःची बोटं जुन्या झाडाच्या फांद्यांसारखी वाकडी. मोडली, सांधली, पुन्हा मोडली. उठायची वेळ आली की दोन पोरं दोन बाजूंनी लागायची आणि त्याला उचलून उभं करायची.

एकदा पोरांनी विचारलं, "कोच, तुम्ही चेंडू घेऊन कधी पळलात का?"

"एकदा संधी आली होती. आमच्याच पोराच्या हातून चेंडू सुटला, माझ्या पायाशी आला. समोर कोणी नाही. मोकळं रान."

"मग?"

"मग काय, शिकवलं होतं तसं चेंडूवर आडवा पडलो."

पोरं हसून लोळली. तोही हसला. पण नंतर माझ्याकडे कॉफी पिताना म्हणाला, "ते रान मला अजून दिसतं गं, वर्ना. हिरवंगार. कोणी नाही त्याच्यात."

दर रविवारी प्रार्थना झाली की तो माझ्याकडे यायचा आणि त्याच फोनवरून घरी बोलायचा. आधी ॲनेटशी, मग नोएलशी, म्हणजे मुलीशी. ती तेव्हा सहा वर्षांची. तिच्याशी बोलताना त्याचा आवाज बदलायचा, एवढा मोठा माणूस कोवळा व्हायचा. "दात पडला? कुठला? कुठे ठेवलास?" फोन ठेवला की तो खिडकीपाशी बसायचा, नदीकडे तोंड करून.

"तिथे होतो तेव्हा इथलं धुकं आठवायचं," तो मला म्हणाला होता. "तिथे रोज ऊन, वर्ना. रोजच्या रोज. माणसाला उदास व्हायला निमित्तच सापडत नाही. भट्टीचा वास आठवायचा, बापाचा खोकला आठवायचा. आता इथे आहे, तर नोएल माझ्या पावलांवर पाय ठेवून उभी राहायची आणि मी तिला घरभर चालवायचो, तेच आठवतं. माझे पाय बघतो आणि ते मोकळे दिसतात."

थँक्सगिव्हिंग आलं आणि गेलं. स्कॅन्लन म्हणाले, अजून एक सीझन. काझने ॲनेटला इकडे बोलावलं. ती दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात आली, लेकीला घेऊन. चांगली बाई होती, हे मला सांगायलाच हवं. गावाने तिला नावं ठेवली. मी नाही ठेवली. चार दिवस करडं आभाळ आणि रिपरिप. जायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे येऊन बसली.

"मिसेस हुडाक, तुम्हाला वाटत असेल मी नखऱ्याची आहे."

"मला असं काही वाटत नाही."

"तिथे माझं काम आहे, माझी आई आहे. लोक मला माझ्या नावाने ओळखतात. इथे मी कोण? होलुबेकची बायको. अकरा वर्षं मी तीच तर होते, प्रत्येक स्टेडियमच्या बाहेर." तिने कप बाजूला सारला. "तो म्हणतो तू ये, मी म्हणते तू ये. दोघंही खरंच बोलतोय, हाच तर घोळ आहे."

दुसऱ्या दिवशी बसची वाट बघताना नोएल काझच्या मांडीवर होती. बस आली तेव्हा तिला उतरवायला त्याला फार वेळ लागला.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबर संपता संपता त्याच्या जुन्या संघाचा निरोप आला. त्यांचा फळीचा कोच अचानक आजारी पडला होता. जागा काझची, पण ताबडतोब यायचं. तेच शहर, तोच समुद्र. बायको-मुलगी दहा मिनिटांवर. देवाने ताट वाढून समोर ठेवावं तसं होतं.

रविवार होता. रुडी आत बटाटे सोलत होता. त्याचं शाळेचं शेवटचं वर्ष. काझ फोनवर होता आणि मला फक्त त्याचीच बाजू ऐकू येत होती.

"हो. हो, मोठी गोष्ट आहे, मला कळतंय... ॲनेट, ऐक तरी. तीनच सामने उरलेत. तीन आठवडे मागितलेत मी त्यांच्याकडे... नाही, नाही थांबणार म्हणतात... तू थांब. तू तरी थांब."

पलीकडून ती काय म्हणाली ते नंतर त्यानेच मला सांगितलं. म्हणाली, "काझ, ते लोक थांबणार नाहीत, आणि मीसुद्धा आता थांबत नाही."

तो खुर्चीवर येऊन बसला. मी म्हणाले, "जा तू. वेडा आहेस का? पोरांचं मी बघते, स्कॅन्लन बघतील. ऊठ, बॅग भर."

आत सोलणीचा आवाज थांबला होता. काझने तिकडे बघितलं. मीही बघितलं. रुडी दिसत नव्हता, पण तो ऐकतोय हे आम्हा दोघांना माहीत होतं.

"या पोरांना 'आलोच' म्हणून गेलेली माणसं पुष्कळ झाली, वर्ना," तो हळूच म्हणाला. "आणखी एक नको."

मी पुन्हा 'जा' म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं की नाही, कोण जाणे. आत माझा मुलगा पुन्हा बटाटे सोलायला लागला, आणि माझ्या जिवाला जे बरं वाटलं ते मी खोटं कशाला सांगू?

संघाने दोन दिवसांत दुसरा माणूस घेतला.

आता एखाद्याला वाटेल, एवढं केल्यावर ते तीन सामने तरी जिंकले असतील. कुठलं काय! एक कसाबसा जिंकला, एक हरले. शेवटचा थँक्सगिव्हिंगच्या सकाळी, पुलापलीकडच्या कार्व्हर्स लँडिंगशी. आमचं त्यांचं वैर आजोबा-पणजोबांपासूनचं. अर्धा पाऊस, अर्धा बर्फ. चेंडू साबणासारखा झालेला. अगदी शेवटी, जिंकायला एकच ढकल हवी असताना, रुडीने मागे दिलेला चेंडू तो झेलणाऱ्या पोराच्या, क्वार्टरबॅकच्या, डोक्यावरून गेला. लँडिंगच्या पोराने उचलला आणि पळाला, पार टोकापर्यंत, आणि सामना गेला.

रुडी चिखलात गुडघ्यांवर बसून राहिला. सगळं मैदान रिकामं झालं तरी उठेना. मी कुंपणाच्या तारा धरून उभी होते. आत जायची सोय नव्हती, तो मेला असता लाजेने. काझ लंगडत मैदानाच्या मध्यापर्यंत गेला, त्याच्या शेजारी बसला. काहीतरी बोलला. मग रुडीनेच त्याला धरून उठवलं.

काय बोलला होता ते रुडीने मला लग्न झाल्यावर सांगितलं. "कोच म्हणाले, हे माझ्या हातून सात वेळा झालंय, त्यातलं दोनदाचं तर सगळ्या देशाने बघितलं. पुढचं सांगू? दुसऱ्या दिवशी सकाळी भूक लागतेच. चल, हात धू. तुझ्या आईने टर्की भाजलीय, आणि मला एकट्याने घरी जेवायचं नाहीये."

जेवला तो आमच्याकडे. दोनदा वाढून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात काडीमोड झाला. लग्नाची अंगठी काही निघेना. तेच बोट तीनदा मोडलेलं, सांधा सुजून गाठ झालेली. अग्निशामक दलाचा स्टिव्ह म्हणाला, "आण इकडे, कापून देतो, एका मिनिटाचं काम." काझ म्हणाला, "राहू दे. ती कुठे टोचतेय?"

वर्षं गेली. रुडीने दोन वर्षं नदीवर बोटींवर काम केलं, मग कॅरोलिनाला गेला, तिथेच घर केलं. ज्या पोरांसाठी काझ राहिला ती सगळीच गेली. जायलाच हवं होतं त्यांना, इथे ठेवलंय काय? पण गेली ती सांगून गेली, आणि अजून फोन करतात.

एका ऑक्टोबरात, दुपारची गर्दी ओसरल्यावर, एक उंच मुलगी आली आणि खिडकीपाशी बसली. कॉफी मागितली. पाठमोरी असती तरी मी ओळखलं असतं. बसायची तऱ्हा काझची, दोन्ही कोपरं टेबलावर रोवून.

"तू नोएल."

ती दचकली. "तुम्ही मिसेस हुडाक? फोन तुमच्याकडचा होता ना? भिंतीवरचा?"

"तो बघ. अजून आहे."

तिने फोनकडे नुसतं बघितलं. मग माझ्याकडे वळली. "मी कॉलेजातून आलेय. डॅडला माहीत नाही. मला एकच विचारायचंय. इथे असं काय होतं?"

मी टेबल पुसत होते. फडकं खाली ठेवलं. लेकरू एवढं लांबून आलेलं, त्याला गोड बोलून वाटेला लावायचं?

"माझा मुलगा होता," मी म्हणाले. "त्याचा बाप निघून गेला होता. तसे आणखी बरेच होते, पण मला ठाऊक आहे तो माझा. तुझा बाप त्याच्यासाठी राहिला. माझा मुलगा आज माणसात आहे. त्याचं मोल तू दिलंस."

ती कितीतरी वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"मी आठ वर्षांची होते."

"हो गं."

"मला कोणी विचारलं नाही."

"नाही विचारलं."

मी दाराला पाटी लावली आणि तिला मैदानावर घेऊन गेले. सराव चालला होता. काझ गवतात गुडघ्यांवर, समोर एक गोलमटोल पोरगा. काझ त्याचं एकेक बोट चेंडूवर ठेवत होता. नोएल हाताची घडी घालून कुंपणाशी उभी राहिली. काझने सहज मान वर केली आणि तसाच थिजला. उठायला गेला तर उठता येईना. पोरांनी नेहमीसारखं दोन्हीकडून उचललं. तो लंगडत आला, कुंपणाच्या पलीकडेच थांबला.

"नोएल."

"मला तू असं हात धरून कधी काही शिकवलं नाहीस, डॅड."

"नाही," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी दोघं माझ्याकडेच जेवली. मी आत जायला निघाले तर काझ म्हणाला, "बस वर्ना, तुझ्यापासून काय लपलंय?" ताटं तशीच राहिली.

"मला वाटलं होतं तू थांबशील," तो मुलीला म्हणाला. "आपलंच मूल आहे, थांबेल. ही पोरं थांबली नसती, पांगली असती. आपलं माणूस थांबतंच, असं आपण धरून चालतो. मी बरोबर केलं की चूक, मला अजून कळलेलं नाही. कळेल असंही वाटत नाही. पण तुझी आठवण आली नाही असा एक रविवार गेला नाही."

"आठवण इथे येत होती, डॅड. तिथे माझ्यापर्यंत पोचत नव्हती."

त्याने मान खाली घातली. पोरांना आयुष्यभर सांगत आला होता, डोकं वर ठेवा म्हणून.

ती लगेच गेली नाही. शुक्रवारचा सामना बघितला, थंडीने कुडकुडत, माझी गोधडी पांघरून. शनिवारी माझ्या खाणावळीमागच्या मोकळ्या जागेत मी त्या दोघांना बघितलं. ती चेंडूवर ओणवी, तो शेजारी बसलेला. तिने पहिला चेंडू मागे दिला तो थेट माझ्या कचऱ्याच्या डब्यात. दुसरा त्याच्या पोटात. "अगं, मारतेस की काय!" तो ओरडला, आणि ती पहिल्यांदा मोठ्याने हसली. मिटलं का सगळं? नाही. बसमध्ये बसताना तिने त्याला मिठी मारली ती अर्धीच. पण मग फोन तिच्याकडून यायला लागला.

पुढे आमची शाळा बंद झाली. पोरंच उरली नाहीत. राहिलेल्यांना पुलापलीकडे, लँडिंगच्या शाळेत घातलं. काझही त्यांच्यामागे गेला, त्यांच्या तरुण कोचच्या हाताखाली, फळी शिकवायला. लँडिंगचं हिरवं जाकीट घालून पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा म्हाताऱ्यांनी त्याला सोलून काढला.

"काझ, तुझा बाप थडग्यात कूस बदलतोय रे!"

"बदलू दे. एका कुशीवर पडून किती दिवस झालेत त्याला."

आता नोएलला मुलगी आहे. दर उन्हाळ्यात तो महिनाभर तिकडे जातो. ॲनेटचा दुसरा नवरा त्याला विमानतळावर आणायला येतो. भला माणूस आहे, असं काझच सांगतो. नात त्याच्या पावलांवर उभी राहते म्हणे, पण आता चार पावलांवर त्याचा गुडघा अडतो आणि दोघं जमिनीवर बसतात. ऑगस्टमध्ये सराव सुरू होतो, तसा तो परत येतो. नोएल दरवर्षी म्हणते, राहा. तो दरवर्षी म्हणतो, पुढच्या वर्षी बघू.

आल्यावर पहिला आठवडाभर त्याचं कशात लक्ष नसतं. यंदाही तसंच. खिडकीपाशी बसला होता, चेहऱ्यावरचं ऊन अजून उतरलं नव्हतं. मी विचारलं, "काझ, पुन्हा तसाच फोन आला असता तर?"

नदीवरून कोळशाने भरलेल्या पडावांची एक लांबलचक रांग चालली होती, ती पुलाखालून पार गेली.

"एखाद्या दिवशी वाटतं, गेलो असतो," तो म्हणाला. "आज त्यातलाच दिवस आहे."

मी त्याच्यापुढे हालुश्कीची ताटली ठेवली. त्याने एक घास घेतला, दुसरा घेतला. मग घड्याळाकडे बघून म्हणाला, "बांधून दे गं उरलेली. पोरं आली असतील मैदानावर." आणि टेबलाला धरून हळूहळू उभा राहिला.